बिगफूट किंवा यती माणसाला इजा करतो का?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही चौघं मित्र अमेरिकेच्या वायव्य भागातल्या जंगलात दहा दिवस तंबू टाकून राहणार आहोत. तिथे बिगफूट आहे असं सांगतात. काही जण म्हणतात तो लाजाळू आहे, कुणाच्या वाट्याला जात नाही. काही म्हणतात तो माणसं उचलून नेतो. असे वानरासारखे प्राणी खरंच धोकादायक असतात का? आणि समोर आलाच तर काय करायचं?"

आधी सरळ उत्तर देतो. उत्तर अमेरिकेतला बिगफूट ऊर्फ सॅस्क्वॉच, हिमालयातला यती, ऑस्ट्रेलियातला याओवी, सुमात्रातला ओरांग पेंडेक, चीनमधला येरेन, यांपैकी कुणीही माणसाला मारल्याची किंवा जखमी केल्याची पडताळून पाहिलेली एकही नोंद नाही. तरीही "बिनघोर जा" असं मी लिहिणार नाही. या प्राण्याच्या नादात माणसं मेलेली आहेत. तीही अलीकडे, आणि तुम्ही जाणार आहात त्याच भागात. त्याकडे येतोच.

मी पंचवीसहून अधिक वर्षं वन्यप्राण्यांच्या हल्ल्यांचा तपास करतो आहे. म्हणजे हल्ला झाला की त्या जागी जायचं, ठसे आणि ओढत नेल्याच्या खुणा पाहायच्या, केस गोळा करायचे, जखमा मोजायच्या आणि कोणता प्राणी होता ते सांगायचं. घाबरलेला माणूस काय सांगतो आणि जमीन काय सांगते, यात केवढं अंतर असतं ते या कामात रोज दिसतं. माणूस खोटं बोलत नसतो. त्याने पाहिलेलं असतं दोन सेकंद, आणि सांगताना ती दोन मिनिटं झालेली असतात.

हल्ला करणारा प्राणी जणू सही करून जातो. मांजरकुळातला प्राणी गळा किंवा मान धरतो, सुळ्यांच्या खुणा नेमक्या उमटतात आणि दोन सुळ्यांमधलं अंतर मोजून प्राण्याचा आकारही सांगता येतो. अस्वलाचा रोख डोकं, चेहरा आणि आडवे घातलेले हात यांवर असतो, शिवाय नखांचे समांतर ओरखडे. कुत्र्यांच्या टोळीचे चावे हातापायांवर विखुरलेले आणि फाडलेले. कपी, म्हणजे चिंपांझीसारखे बिनशेपटीचे मोठे वानर, यांची तऱ्हा अगदी वेगळी. त्यांना वाघनखं नसतात, आपल्यासारखी चपटी नखं असतात, त्यामुळे ओरखडे कमी आणि चावे, चिरडणं, पिरगळणं जास्त. चिंपांझी चेहऱ्यावर, हातापायांच्या बोटांवर आणि गुप्तांगावर हल्ला करतो. अशी जखम एकदा पाहिली की विसरता येत नाही. त्यातून आता कपड्यावर वाळलेल्या लाळेतूनही डीएनए मिळतो. उत्तर अमेरिकेच्या किंवा हिमालयाच्या जंगलातून, जिथे माणसाखेरीज एकही कपी राहत नाही, अशी एक जखम दवाखान्यात आली असती तर ती लपली नसती. ती आलेली नाही.

मग हल्ल्याच्या गोष्टी येतात कुठून? गाजलेल्या दोन-तीन पाहू, कारण तुम्ही पाहिलेले व्हिडिओ त्यांचेच वंशज असणार.

सगळ्यात जुनी आणि अंगावर काटा आणणारी गोष्ट थिओडोर रूझवेल्ट यांनी १८९३ साली आपल्या शिकारीच्या पुस्तकात लिहिली. पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच हे. बाउमन नावाच्या म्हाताऱ्या फासेपारध्याने ती त्यांना सांगितली होती: दोन पायांवर चालणारं काहीतरी रात्री तळाभोवती फिरत होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा सोबती मान मोडलेल्या अवस्थेत सापडला, गळ्यावर सुळ्यांच्या चार खुणा. हा प्रसंग रूझवेल्ट यांनी स्वतः पाहिलेला नव्हता, आणि बाउमनलाही तो सांगेपर्यंत बरीच वर्षं लोटली होती. पण जखमेचं वर्णन खरं मानलं तर माझ्यासारखा माणूस लगेच विचारेल, तिथे प्यूमा, म्हणजे अमेरिकेतली मोठी रानमांजरं, होते का? मोडलेली मान आणि गळ्यावरच्या चार खुणा ही मांजराची सही आहे, कपीची नव्हे. प्रेत खाल्लेलं नव्हतं असंही गोष्टीत आहे, ते प्यूमाशी तितकंसं जुळत नाही हे मान्य. पण वानराशी तर काहीच जुळत नाही.

दुसरी गोष्ट १९२४ची, वॉशिंग्टन राज्यातल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या उतारावरची. सोनं शोधणाऱ्या काही खाणकऱ्यांनी सांगितलं की रात्रभर 'वानरमाणसांनी' आमच्या लाकडी खोपटावर दगडांचा मारा केला. त्या दरीचं नावच पुढे एप कॅन्यन पडलं. गोष्टीतला एक तपशील बहुतेक व्हिडिओंत गाळला जातो: आधी गोळी खाणकऱ्यांनी झाडली होती, दगड नंतर आले. दरीच्या काठावरून शिबिरातल्या पोरांनी गंमत म्हणून दगड टाकले असावेत, असंही नंतर पुढे आलं. ज्वालामुखीच्या भुसभुशीत उतारावरून दगड आपले आपण घरंगळतात, हे वेगळंच. काही असो, त्यांच्याच सांगण्यानुसार त्या रात्री एकाही माणसाचा जीव गेला नाही.

तिसरी अल्बर्ट ओस्टमन यांची. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात १९२४ साली झोपण्याच्या पिशवीसकट आपल्याला उचलून नेलं आणि एका सॅस्क्वॉच कुटुंबात काही दिवस ठेवलं, असं त्यांनी १९५७ साली, म्हणजे तेहतीस वर्षांनी सांगितलं. सुटका कशी झाली? थोरल्या नराने त्यांच्या डबीतली तपकीर खाल्ली आणि तो कासावीस झाला, तेवढ्यात हे निसटले. गोष्ट म्हणून मला ही फार आवडते. पण तिच्यातही कुणी कुणाला मारलेलं नाही.

१९६७ साली कॅलिफोर्नियातल्या ब्लफ क्रीकला घेतलेली ती प्रसिद्ध चित्रफीत तुम्ही पाहिली असेलच. तो प्राणी खरा की सोंग, हा वाद इथे नको. तो करतो काय, तर पाठ फिरवून चालू लागतो. त्याच परिसरात १९५८ साली रस्त्याच्या कामावर मोठमोठे ठसे सापडले होते आणि 'बिगफूट' हे नाव तिथूनच वर्तमानपत्रांत रुजलं. २००२ साली त्या कामाचे ठेकेदार वारले तेव्हा घरच्यांनी ठसे उमटवायची लाकडी पावलं बाहेर काढून दाखवली.

ओढून नेणारी, मुलं पळवणारी रूपं त्याआधीपासून आहेतच. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरच्या क्वाक्वाकावाक्व लोकांत झुनुक्वा नावाची रानातली बाई आहे, पाठीवरच्या टोपलीत मुलं घालून नेणारी. 'सॅस्क्वॉच' हा शब्दही तिथल्याच एका मूळनिवासी भाषेतल्या शब्दावरून १९२०च्या दशकात इंग्रजीत आला. अशा गोष्टींना मी हसत नाही. घनदाट रानात, नदीकाठी मूल एकटं गेलं तर ते परत येत नाही, हे शहाणपण आईने मुलाला कसं सांगावं? बागुलबुवा हे अतिशय कामाचं साधन आहे. फक्त त्याचा उपयोग प्राणिशास्त्र म्हणून करायला गेलं की घोटाळा होतो.

आता हिमालय. इथे मला जरा थांबावं लागेल, कारण यतीच्या भीतीमागे खरं रक्त आहे. १९७४ साली एव्हरेस्टच्या भागात मचेरमो इथे याक राखणाऱ्या एका शेर्पा मुलीवर यतीने हल्ला केला आणि काही याक मारले, अशी कथा प्रसिद्ध आहे. त्याआधी १९५९ साली काठमांडूतल्या अमेरिकी वकिलातीने गिर्यारोहकांसाठी नेपाळ सरकारचे यतीविषयक नियम कळवले होते: शोधमोहिमेसाठी ५,००० रुपये शुल्क, फोटो काढता येईल, जिवंत पकडता येईल, पण स्वसंरक्षणाची वेळ आल्याखेरीज मारता येणार नाही. म्हणजे तेव्हाच्या सरकारी कागदानेही यतीकडून जिवावर बेतू शकतं हे गृहीत धरलं होतं.

आणि ते अगदीच चूक नव्हतं. २०१७ साली जीवशास्त्रज्ञ शार्लोट लिंडक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने, हाडं, दात, कातडी, केस, विष्ठा, डीएनएसाठी तपासले. आठ अस्वलांचे निघाले आणि एक कुत्र्याचा. अस्वलंही तीन तऱ्हेची: आशियाई काळं अस्वल, हिमालयीन तपकिरी आणि तिबेटी तपकिरी. नेपाळातल्या खुमजुंगच्या मठातली यतीच्या 'डोक्याची कातडी' एडमंड हिलरी यांनी १९६० साली तपासायला नेली होती, ती सेरो या रानबकऱ्यासारख्या प्राण्याच्या चामड्याची निघाली. मेघालयातल्या गारो टेकड्यांत 'मांडे बुरुंग' नावाचा यतीसारखाच प्राणी सांगतात, त्याचे म्हणून २००८ साली पाठवलेले केस गोरल या रानबकऱ्यासारख्याच प्राण्याचे ठरले. पण डोंगरातल्या माणसाला चावतं, ओरबाडतं ते अस्वलच. हिमालयातलं काळं अस्वल अचानक समोरासमोर आलं तर थेट चेहऱ्यावर येतं. त्याच्या तडाख्यातून वाचलेल्या माणसाने 'दोन पायांवर उभं होतं, केसाळ होतं, माणसाएवढं होतं' असं सांगितलं तर त्यातला शब्दन् शब्द खरा असतो. नाव तेवढं चुकतं.

बिगफूटचंही तेच. २००९ साली काही जीवशास्त्रज्ञांनी बिगफूट दिसल्याच्या नोंदी घेऊन, तो कुठे राहत असेल याचा नकाशा संगणकावर बनवला आणि काळ्या अस्वलाच्या नकाशाशी ताडून पाहिला. दोन्ही जवळजवळ एकमेकांवर बसले. खरं तर त्यांना आपल्याच क्षेत्रातल्या लोकांचे कान उपटायचे होते (वाईट नोंदी घातल्या तरी सुरेख नकाशा निघतो, एवढंच), पण जाता जाता हेही दिसलं.

अस्वलाला माणूस कसा फसतो, हे एकदा माग काढायला गेलं की कळतं. चालताना अस्वलाचं मागचं पाऊल पुढच्या पावलाच्या ठशावर थोडं पुढेमागे पडतं. दोन ठसे एकात एक मिसळतात आणि फूट-दीड फुटाचं, पाच बोटांचं, माणसासारखं पाऊल तयार होतं. चिखलात नखांच्या खुणा पुसल्या जातात. बर्फात तर उन्हाने ठसा चहूबाजूंनी वितळून पसरतो. २०१९ साली भारतीय सेनेने नेपाळातल्या मकालू शिखराच्या तळाजवळचे ३२ इंच लांब आणि १५ इंच रुंद ठसे प्रसिद्ध केले तेव्हा मला दिवसभर फोन येत होते. मी सगळ्यांना एकच विचारत होतो: ठसा पडल्यावर किती दिवसांचं ऊन खाल्लेला आहे? खरूज झालेलं अस्वल आणखी भुलवतं. अंगावरचे केस गळाले की लांब हातपाय आणि अरुंद छाती उघडी पडते आणि ते हुबेहूब वानरासारखं दिसतं. २००७ साली पेनसिल्व्हेनियात स्वयंचलित कॅमेऱ्याने टिपलेलं 'बिगफूटचं पिल्लू' जगभर गाजलं. तिथल्या वन्यजीव खात्याचं म्हणणं, ते खरजुलेलं अस्वल आहे. माझंही तेच.

त्यामुळे 'बिगफूट धोकादायक आहे का' याचं व्यवहारातलं रूप असं होतं: तुम्ही ज्याला बिगफूट समजाल ते अस्वल धोकादायक आहे का? काळ्या अस्वलाबाबत अस्वलांचे अभ्यासक स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी खणून काढल्या. १९०० ते २००९ या काळात अमेरिका आणि कॅनडात रानटी काळ्या अस्वलांनी ६३ माणसं मारली. लाखोंनी अस्वलं असताना शंभरावर वर्षांत इतकीच, म्हणजे धोका लहान आहे. पण मेख पुढे आहे. त्यांतल्या बहुतेक घटनांत अस्वल घाबरलेलं किंवा पिल्लांची राखण करणारं नव्हतं. ते बहुधा एकटं नर अस्वल होतं आणि माणसाकडे भक्ष्य म्हणून पाहत होतं. असं अस्वल गुरगुरत नाही, आदळआपट करत नाही. गुपचूप मागे लागतं, थांबतं, पुन्हा जवळ येतं. आता 'तो लाजाळू आहे, आपल्याला न्याहाळतोय' अशा समजुतीत तुम्ही मोबाइल काढून उभे राहिलात तर? गोड समजूत मला भीतीपेक्षा जास्त खटकते ती याच कारणाने.

याच गोड समजुतीची एक पुढची पायरी म्हणजे भेटी ठेवणं. बिगफूटशी मैत्री व्हावी म्हणून काही हौशी मंडळी झाडाच्या बुंध्यावर सफरचंदं, शेंगदाण्याचं लोणी, गोळ्या ठेवतात. सकाळी ते गायब झालेलं असतं आणि यांना आनंद होतो. खातं कोण, तर अस्वल, रॅकून, खारी. माणसाच्या हातचं खाऊन सोकावलेलं अस्वल पुढच्या तंबूत घुसतं आणि शेवटी वनखात्याला ते मारावं लागतं. हे कृपया करू नका. तुमचं स्वतःचं अन्नही तंबूत ठेवू नका. अस्वलाला न उघडणारा डबा किंवा तंबूपासून दूर, उंच टांगलेली पिशवी, आणि दात घासायची पेस्टही त्यातच.

आता समजा, असा प्राणी खरंच असता तर? हा प्रश्न मला आवडतो, कारण उत्तर अंदाजाचं असलं तरी हवेतलं नाही. गोरिलाची गोष्ट आठवा. पाश्चात्त्य विज्ञानाला तो १८४७ साली ठाऊक झाला. १८६१ साली प्रवासी पॉल दु शायू यांनी त्याचं जे भयंकर वर्णन छापलं त्यावर पुढची शंभर वर्षं तो राक्षस ठरला. मग १९५९ साली प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शालर आफ्रिकेतल्या विरुंगाच्या डोंगरात गेले, महिनोन्‌महिने गोरिलांच्या जवळ बसले आणि लक्षात आलं की छाती बडवून अंगावर धावून येणारा नर बहुतेक वेळा हूल देतो आणि काही फुटांवर थांबतो. तिथे पळालात तर फसलात. खाली बसायचं, नजर पाडायची, गप्प राहायचं. प्रामुख्याने पाला खाणारा, आकाराने प्रचंड आणि कुटुंब राखणारा प्राणी असाच वागतो: आधी आवाज, मग हूल, आणि अगदी कोंडीत पकडला तरच हात.

पण चिंपांझीही कपीच आहे. वजनाच्या मानाने त्याच्या स्नायूंची ताकद माणसाच्या साधारण दीडपट भरते, तो शिकार करतो, टोळीने दुसऱ्या टोळीतल्यांना ठार मारतो. टांझानियातल्या गोंबे उद्यानात २००२ साली फ्रोडो नावाच्या नराने माणसाचं चौदा महिन्यांचं मूल मारलं. युगांडात जिथे जंगल तुटून शेतात तुकडे उरलेत तिथे अशा घटना आणखी झाल्या आहेत. म्हणजे 'वानरासारखा, म्हणून आपल्यासारखा, म्हणून समजूतदार' हे गणितच चुकीचं आहे. आपल्यासारखा असणं ही काही निर्धोकपणाची हमी नव्हे.

बिगफूटप्रेमी ज्याचा दाखला देतात तो जायगँटोपिथेकस खरोखर होऊन गेला, दक्षिण चीनमध्ये. तो नामशेष होऊन दोन लाखांहून अधिक वर्षं झाली. त्याचे मिळालेत ते दात आणि जबडे, आणि ते वनस्पती चावणाऱ्या प्राण्याचे आहेत. असा कुणी आज असता तर माझा अंदाज गोरिलाच्या बाजूने झुकला असता. पण मग त्याचा त्रासही दिसला असता. मोठा प्राणी शास्त्रज्ञाच्या आधी शेतकऱ्याला आणि ट्रकचालकाला सापडतो. पीक तुडवलं जातं, कचऱ्याचे डबे उलटतात, रात्री गाडीखाली एखादा येतो. एक जोडी तग धरत नाही, शेकड्यांनी जनावरं लागतात, आणि शेकड्यांनी असलेली जनावरं माणसाच्या वाटेत आल्याशिवाय राहत नाहीत. इतक्या वर्षांत एकही गाडीखाली आलेला नाही, ही गोष्ट मला कोणत्याही धूसर चित्रफितीपेक्षा जास्त बोलकी वाटते.

माणसं गायब होण्याचं काय? जंगलात माणसं हरवतात, काहींचे कपडे एकीकडे आणि देह दुसरीकडे सापडतो, आणि मग 'कुणीतरी ओढून नेलं' सुरू होतं. थंडीने शरीराचं तापमान फार उतरलं की शेवटच्या टप्प्यात माणसाला उलट उकडू लागतं आणि तो कपडे काढून टाकतो. त्यानंतर ओंडक्याखाली, कपारीत घुसून पडतो. शोधपथकातल्या जुन्या माणसांना हे ठाऊक असतं, बातमी वाचणाऱ्याला नसतं. १९५९ साली रशियातल्या उरल पर्वतात द्यातलोव्हच्या गिर्यारोहक तुकडीतले नऊ जण मेले, त्याचंही खापर काहींनी यतीवर फोडलं. तंबू आतून फाडलेला, माणसं अर्ध्या कपड्यांत, काहींच्या बरगड्या मोडलेल्या. २०२० साली रशियन सरकारी वकिलांनी हिमस्खलन हे कारण दिलं आणि २०२१ साली दोन संशोधकांनी, उतारावर खणलेल्या तंबूवर काही तासांनी बर्फाचा थर घसरून अशा जखमा कशा होऊ शकतात याचं गणित मांडलं. सगळं कोडं सुटलं असं ते स्वतःही म्हणत नाहीत. पण बर्फ पुरेसा आहे, वानर लागत नाही.

आता सुरुवातीला म्हटलं ते. वॉशिंग्टन राज्यात स्कामेनिया नावाची काउंटी, म्हणजे जिल्हा, आहे. १९६९ साली तिने वटहुकूम काढला: सॅस्क्वॉचला मारणं हा गुन्हा, १०,००० डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद. लोक हसतात, पण त्या वटहुकमाचा मजकूर वाचा. कारण दिलंय ते असं की प्राण्याच्या शोधात बंदुका घेऊन येणाऱ्यांमुळे रहिवाशांच्या आणि प्रवाशांच्या जिवाला धोका आहे. कायदा करणाऱ्यांना बिगफूटची भीती नव्हती, शिकाऱ्याची होती. ती खरी ठरल्यासारखी एक तक्रार २०१८च्या डिसेंबरात माँटाना राज्यात नोंदवली गेली: नेमबाजीची लक्ष्यं मांडणाऱ्या एका माणसावर कुणीतरी गोळ्या झाडल्या, आणि विचारल्यावर म्हणाला, मला तू बिगफूट वाटलास.

माँटानातच २०१२ साली एक माणूस पालापाचोळ्यासारखा दिसणारा सैनिकी वेश घालून रात्री महामार्गावर उभा राहिला. लोकांना बिगफूट दिसल्याचा भास व्हावा, एवढाच बेत. दोन गाड्यांखाली येऊन मेला. आणि २०२४च्या नाताळात ओरेगॉनचे दोघे सॅस्क्वॉच शोधायला वॉशिंग्टनमधल्या गिफर्ड पिंचो राष्ट्रीय वनात गेले, ते परतलेच नाहीत. साठाहून अधिक स्वयंसेवकांनी गोठवणाऱ्या थंडीत, पावसात आणि बर्फात तीन दिवस शोध घेतल्यावर देह मिळाले. कारण थंडी आणि अपुरी तयारी, असं तिथल्या शेरिफच्या कार्यालयाने सांगितलं. ती काउंटी कोणती? स्कामेनियाच.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण जंगलातलं नाहीच, दिल्लीतलं आहे. २००१च्या मे महिन्यात तिथे 'काळा माकड' रात्री हल्ले करतो अशी आवई उठली. शेकडो तक्रारी, पोलिसांची रेखाचित्रं, बक्षीस. गच्चीवर झोपलेली माणसं 'आला, आला' ऐकून अंधारात पळाली आणि काही जण पडून दगावले. माकड कुणालाच सापडलं नाही.

तर तुमच्या दहा दिवसांचं. कुठे जाणार आणि कधी परतणार हे मागे राहणाऱ्या एका माणसाला लिहून द्या, आणि ती वेळ टळल्यावर किती तासांनी फोन करायचा तेही. उन्हाळा असला तरी भिजल्यावर घालायला लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा एक जोड कोरडा ठेवा, सुती कपडे ओल्या थंडीत घात करतात. अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा प्रत्येकाच्या कमरेला हवा, पाठपिशवीच्या तळाशी नको. पिन काढून पाहायचा सराव घरीच करा. अस्वल अंगावर येत असेल तर ते साधारण दहा मीटरच्या आत आलं की, वाऱ्याची दिशा पाहून, त्याच्या तोंडाच्या जरा खाली फवारा मारायचा.

मोठं, काळं, केसाळ काही दिसलं तर ते अस्वल आहे असंच धरा. थांबा, एकत्र या, आवाज चढवून बोला, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका. पळू नका, त्याची वाट अडवू नका, पिल्लू दिसलं तर आई कुठे आहे ते आधी शोधा. काळं अस्वल मुकाट्याने मागे लागलं तर हातात येईल त्याने झुंजायचं, मेल्याचं सोंग घ्यायचं नाही. ते सोंग तपकिरी, म्हणजे ग्रिझली अस्वलाने बचावापोटी प्रत्यक्ष झडप घातल्यावर, पालथं पडून मान झाकून घेण्यासाठी आहे. आणि तो खरोखर अज्ञात कपी निघाला तरी थांबणं, न पळणं आणि सावकाश मागे हटणं यात तुमचं काही बिघडत नाही. रात्री लाकडावर लाकूड आपटून किंवा आरोळ्या ठोकून त्याला 'बोलवायच्या' फंदात मात्र पडू नका. उत्तर देणारा दुसराच कुणी हौशी असतो, आणि त्याच्याकडे बंदूक असू शकते.

तंबूवर काही आपटलं तर आधी वर बघा. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत एका पहाटे तंबूवर दगड पडताहेत म्हणून मी आणि माझे वरिष्ठ श्वास रोखून बसलो होतो. उजाडल्यावर दिसलं, खार झाडावरून सुचिपर्णाची बोंडं कुरतडून खाली टाकत होती. वरिष्ठांनी ही हकिकत ऑफिसात सांगायची नाही असं मला बजावलं होतं. ते निवृत्त झालेत, आता हरकत नाही.

आणि ठसा मिळालाच तर शेजारी मोजपट्टी किंवा निदान पेन ठेवून सरळ वरून फोटो घ्या, एकाचा नाही, ओळीने दहा-बारा ठशांचा, आणि दोन पावलांतलं अंतर मोजा. केस मिळाले तर हात न लावता चिमट्याने उचलून कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते. पाकिटावर तारीख आणि जागा लिहा, आणि तिथल्या राज्याच्या वन्यजीव खात्याकडे द्या. माझ्याकडे आलेले बहुतेक नमुने अस्वलाचे आणि गुरांचे निघाले. एक मात्र कशाशीच जुळेना. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो नायलॉनचा होता.